पत्ता नसलेली घरे : मराठी मालिका, ओटीटी मंच आणि घाटकोपर

प्रास्ताविक

मार्च २०२५ मध्ये राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे ज्येष्ठ नेते भैय्याजी जोशी यांनी विद्याविहार येथील एका कार्यक्रमात मुंबईची भाषा एकच नाही, घाटकोपरची भाषा गुजराती आहे, अशा आशयाचे विधान केले. त्याचे पडसाद विधिमंडळात उमटले. मुंबईची आणि महाराष्ट्राची भाषा मराठीच आहे, असे मुख्यमंत्र्यांना सभागृहात सांगावे लागले आणि जोशी यांनीही नंतर आपल्या विधानाचा खुलासा केला. चार-सहा दिवसांत वाद निवळला. या काळात घाटकोपर हे नाव महाराष्ट्रभर ऐकले गेले खरे. परंतु त्या नावाबरोबर कोणतेही चित्र महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे आले असेल असे वाटत नाही. गिरगाव म्हटले की चाळ दिसते, दादर म्हटले की शिवाजी पार्क दिसते. घाटकोपर म्हटले की काय दिसते?

ज्यांनी हे उपनगर पायी पाहिले आहे त्यांच्यासाठी उत्तर अवघड नाही. पूर्वेस पंतनगरची म्हाडा वसाहत, गारोडिया नगरातील गुजराती-मारवाडी सोसायट्या आणि द्रुतगती महामार्गाला लागून असलेले माता रमाबाई आंबेडकर नगर; पश्चिमेस भटवाडी, लालबहादूर शास्त्री मार्गावरील बाजार व मॉल आणि त्यामागे असल्फ्याच्या टेकड्यांवर चढत गेलेल्या वस्त्या. ८ जून २०१४ पासून वर्सोव्याहून येणारी मेट्रो येथे मध्य रेल्वेला मिळते. दोन-तीन मैलांच्या परिसरात किमान चार वर्ग, तितक्याच भाषा आणि अनेक जाती एकमेकींना खेटून राहतात. कौटुंबिक कथा सांगणाऱ्या माध्यमाला याहून समृद्ध सामग्री कोणती मिळणार? आणि तरीही गेल्या पंचवीस वर्षांत घराघरांत सर्वाधिक कौटुंबिक कथा सांगणाऱ्या मराठी मालिकेला हे उपनगर दिसलेले नाही. प्रस्तुत लेखात या न दिसण्याची कारणे मालिकांच्या व ओटीटी मंचांच्या घडणीत शोधली आहेत. त्यासाठी एक साधा निकष वापरला आहे : पडद्यावरील घराला पत्ता आहे काय? पत्ता म्हणजे केवळ गावाचे वा रस्त्याचे नाव नव्हे. घरातील माणूस बाहेर पडला की तो कोठे पोहोचतो, शेजारी कोण आहे, पाणी कोठून येते, घराचे भाडे अथवा हप्ता कोण भरते, या प्रश्नांची कथेने दिलेली उत्तरे म्हणजे त्या घराचा पत्ता होय.

भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकच कथा

स्टार प्रवाह वाहिनीवर डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ या काळात प्रक्षेपित झालेली 'आई कुठे काय करते!' ही मालिका येथे विचारात घेणे सोयीचे आहे, कारण ती या काळातील लोकप्रिय मालिकांपैकी एक होती आणि तिची वंशावळ स्पष्ट आहे. मूळ कथा बंगाली 'श्रीमोयी' या मालिकेची. घरासाठी आयुष्य वेचलेली गृहिणी, तिचा गौरव न करणारी मुले, कार्यालयातील सहकारी स्त्रीत गुंतलेला नवरा, घटस्फोट, आणि मग प्रौढ वयात तिला सापडलेला स्वतःचा सूर. मराठीत ती अरुंधती देशमुख झाली. जुलै २०२० मध्ये स्टार प्लसवर हीच कथा 'अनुपमा' या नावाने हिंदीत आली. तेथे ती अहमदाबादच्या गुजराती शहा कुटुंबाची झाली. मराठी आणि हिंदी या दोन्ही मालिकांची निर्मितीसंस्था एकच, राजन शाही यांची. अरुंधती गाते, अनुपमा नाचते. बाकी दिवाणखाना, सासू-सासरे, तिसरी स्त्री व पुढे आयुष्यात येणारा समंजस पुरुष, हा सारा ऐवज तोच.

आता घाटकोपरमधील कोणतीही एक इमारत डोळ्यांपुढे आणावी. एका भिंतीच्या अलीकडे मराठी कुटुंब आणि पलीकडे गुजराती. अलीकडे अरुंधती घर सोडते, पलीकडे अनुपमा घर सोडते. दोन्ही घरांतील स्त्रिया एकाच दुःखाने व्याकूळ होतात. मात्र अलीकडच्या कथेत गुजराती शेजारीण नाही आणि पलीकडच्या कथेत मराठी शेजारीण नाही. प्रत्यक्षात या दोघींची विरजणाची आणि किल्लीची देवाणघेवाण असू शकते, पाण्याच्या वेळेवरून भांडण असू शकते, सोसायटीच्या सभेत कोणत्या भाषेत बोलावे यावरून अबोलाही असू शकतो. ज्या वादाने २०२५ साली विधिमंडळ दणाणले, तो वाद या घरांमध्ये रोज लहान प्रमाणात होतो आणि रोज मिटतोही. तो कसा मिटतो, हे सांगणारी मालिका दोन्ही भाषांत नाही. कथा भाषांतरित होऊ शकली याचे कारणच हे, की तिच्यात शेजार नव्हता. शेजार भाषांतरित होत नाही.

हा दोष केवळ लेखकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. आठवड्याला सहा भाग, प्रत्येकी सुमारे बावीस मिनिटांचे, हे मालिकेचे वेळापत्रक आहे. रोज एक भाग चित्रित करून हातावेगळा करायचा तर कायमस्वरूपी उभारलेला सेट हवा, प्रकाशयोजना ठरलेली हवी, बाहेरचा आवाज नको. मुंबईच्या रस्त्यावर चित्रीकरण करायचे म्हणजे परवानग्या, गर्दी, पाऊस आणि लोकलचा आवाज यांच्याशी झुंज. त्यामुळे कथा घरात शिरते आणि घरातच राहते. त्यातच कथा दुसऱ्या भाषेतून आलेली असेल तर तयार भागांचा साठा हाताशी असतो आणि लोकप्रियतेची खात्रीही. 'सुख म्हणजे नक्की काय असतं!' बंगालीतून आली, 'ठरलं तर मग!' तमिळमधून, 'रंग माझा वेगळा' मल्याळममधून. कोलकात्याहून, चेन्नईहून अथवा कोचीहून निघालेले कुटुंब महाराष्ट्रात उतरते तेव्हा त्याच्याबरोबर त्याची गल्ली येत नाही. आडनाव बदलते, नथ व पैठणी येते, गणपती बसतो. यालाच मराठीपण समजण्याची सवय प्रेक्षकाला लागली आहे. प्रेक्षकसंख्येच्या साप्ताहिक आकड्यांत सगळा महाराष्ट्र व गोवा ही एकच बाजारपेठ धरली जाते, तेव्हा सावंतवाडी, लातूर आणि घाटकोपर या तिन्ही ठिकाणी चालेल असे घर उभारावे लागते. असे घर तिन्हीपैकी कोठेही नसते.

तरीही 'आई कुठे काय करते!' या मालिकेने काही साधले हे नाकारता येणार नाही. मोठ्या मुलांच्या आईने घटस्फोट घ्यावा, पुढे पुनर्विवाह करावा आणि प्रेक्षकाने तिच्या बाजूने उभे राहावे, ही मराठी मध्यमवर्गीय दिवाणखान्यातील किरकोळ घटना नव्हे. मधुराणी गोखले-प्रभुलकर यांच्या संयत अभिनयाचा त्यात मोठा वाटा आहे. मात्र घराबाहेर पडलेल्या स्त्रीपुढचा पहिला व्यावहारिक प्रश्न, म्हणजे मुंबई परिसरात एकट्या बाईने भाड्याची खोली कशी मिळवायची, अनामत रक्कम कोठून आणायची, हा प्रश्न कथेच्या केंद्रस्थानी येऊ शकला नाही. स्वातंत्र्य मिळाले ते भावनेच्या पातळीवर. पत्त्याच्या पातळीवर नाही.

मराठी मालिका पहिल्यापासूनच अशी होती असे मात्र नाही. सह्याद्री वाहिनीवरील 'दामिनी' (१९९७) ची नायिका पत्रकार होती. १९९९ साली सुरू झालेल्या अल्फा मराठीवरील 'आभाळमाया'तील सुधा जोशी ही प्राध्यापिका होती. तिचे महाविद्यालय ही कथेतील खरीखुरी जागा होती, तेथील कामाचा तिच्या घरावर परिणाम होत असे. (त्यानंतर मराठी मालिकेतील महाविद्यालय हे प्रामुख्याने प्रेमप्रकरणांचे आवार झाले, याची नोंद प्राध्यापक वाचकांनी घेतलेलीच असेल.) दैनंदिन मालिकेचा व्याप वाढला तसतशी नायिकेची नोकरी आक्रसत गेली आणि स्वयंपाकघर मोठे होत गेले. अपवाद आहेत, पण ते अपवाद म्हणूनच लक्षात राहतात.

भाषेचा प्रश्न हाताळण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न झी मराठीवरील 'काहे दिया परदेस' (२०१६-१७) या मालिकेने केला. मुंबईची गौरी सावंत आणि बनारसचा शिव शुक्ला यांच्या प्रेमाची ही कथा. येथे शेजार होता, परकी भाषा होती, वडिलांचा संशय होता आणि काही भागांत तो संशय सहानुभूतीने समजूनही घेतला होता. परंतु मालिकेने या प्रश्नाचे उत्तर विवाहात शोधले आणि विवाह झाल्यावर कथा सासू-सुनेच्या ओळखीच्या वाटेने गेली. दोन भाषांनी एकमेकींशी लग्न न करताही एका जिन्यात कसे राहावे, हा घाटकोपरचा प्रश्न आहे. तो तसाच राहिला.

ओटीटीचे आश्वासन

दैनंदिन मालिकेच्या या मर्यादा ओटीटी मंचांमुळे दूर होतील अशी अपेक्षा २०१६ नंतरच्या काळात अनेक समीक्षकांनी बाळगली. भागांची संख्या मर्यादित, चित्रीकरणाला अवधी, साप्ताहिक आकड्यांची टांगती तलवार नाही. अपेक्षा रास्त होती. पण मराठीपुरते पाहिले तर या मंचांवर सर्वाधिक जागा व्यापली ती मालिकांनीच. झी मराठीची मालिका झी फाइव्हवर, स्टार प्रवाहची मालिका आधी हॉटस्टारवर आणि फेब्रुवारी २०२५ मधील विलीनीकरणानंतर जिओहॉटस्टारवर. काही मालिकांचा भाग तर वर्गणीदारांना दूरचित्रवाणीच्या आधी पाहता येऊ लागला. नवे दार उघडले, आत घर तेच. बदल झाला तो पाहण्याच्या रीतीत : एकत्र बसून पाहिली जाणारी मालिका आता लोकलच्या डब्यात, कानात हेडफोन घालून, एकटीने पाहिली जाते. या बदलाचा स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा.

मराठीतील स्वतंत्र वेबमालिकांचा कल प्रामुख्याने रहस्य व गुन्हेगारीकडे राहिला. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवर आधारित 'समांतर' (२०२०), प्लॅनेट मराठीवरील 'रानबाजार' (२०२२), परभणी जिल्ह्यातील हत्याकांडावरील 'मानवत मर्डर्स' (२०२४) ही ठळक उदाहरणे. यांपैकी 'मानवत मर्डर्स'ला पत्ता आहे, कारण तिला काळ आणि गाव वास्तवानेच नेमून दिले होते. मुंबईचा खरा भूगोल पडद्यावर आणण्याचे काम मात्र मराठीपेक्षा हिंदी वेबमालिकांनी अधिक केले, हे मान्य करणे भाग आहे. नेटफ्लिक्सवरील 'सेक्रेड गेम्स' (२०१८) मधील हवालदार काटेकर हे याचे उदाहरण होय. जितेंद्र जोशी यांनी उभा केलेला हा मराठी पोलीस शिपाई, त्याची बायको, मुलगा, कामावरून आल्यानंतरचा त्याचा थकवा हे सारे, त्याच्या वाट्याला आलेल्या थोड्या प्रसंगांतही, मराठी मालिकेतील कितीतरी देशमुख-इनामदारांपेक्षा अधिक ओळखीचे वाटते. परंतु काटेकर नायक नाही. तो नायकाचा सहायक आहे आणि पहिल्याच पर्वात मारला जातो. त्याचे घर दिसते ते त्याच्या मृत्यूची तयारी म्हणून.

सोनी लिव्हवरील 'स्कॅम १९९२' (२०२०) ही हंसल मेहता दिग्दर्शित मालिका गुजराती मुंबईच्या चित्रणासाठी महत्त्वाची ठरते. प्रतीक गांधी यांचा हर्षद मेहता, त्याचे भाऊ, आई, बायको यांच्या बोलण्यातील लय, पैशाविषयीची मोकळी भाषा, छोट्या घरातील मोठी स्वप्ने यांत विनोदी गुजराती शेठजीचा ठोकळेबाजपणा कोठेही नाही. मराठी मालिकांना गुजराती पात्र रंगवताना हा धडा घेण्यासारखा आहे. तरीही उपनगराच्या बाजूने पाहिले असता एक गोष्ट खटकते. या कथेत उपनगरातील लहान घर ही चढण्याची पायरी आहे आणि समुद्रासमोरील वरळीची 'मधुली' इमारत हे शिखर. पायरीकडे कोणी वळून पाहत नाही. उपनगर म्हणजे सोडून जाण्याची जागा, हा समज येथेही कायम राहतो. पंतनगरच्या खोलीतच सारे आयुष्य काढून मुलांना शिकवणाऱ्या माणसाची कथा अद्याप कोणत्याही मंचाला पुरेशी थरारक वाटलेली नाही.

रंगवलेली टेकडी आणि फिल्टरपाड्याचा बच्चन

२०१७-१८ च्या सुमारास 'चल रंग दे' या उपक्रमात असल्फ्याच्या टेकडीवरील घरांच्या भिंती गडद, आकर्षक रंगांनी रंगवण्यात आल्या. मेट्रोतून जाणाऱ्या प्रवाशाला काचेतून ती टेकडी दिसते आणि सुंदर दिसते. वर्तमानपत्रांनी तिची तुलना इटलीतील एका किनारी गावाशी केली. रहिवाशांनाही रंग आवडले असतील. आपले घर उजळ दिसावे असे कोणाला वाटत नाही? मात्र याच टेकड्यांच्या पट्ट्यात, घाटकोपरच्या आझाद नगरात, जुलै २००० मध्ये दरड कोसळून अनेक कुटुंबे गाडली गेली होती. दरडीची भीती रंगाने जात नाही, आणि ती मेट्रोच्या काचेतून दिसतही नाही. वस्तीकडे पाहण्याची पडद्याची रीत नेमकी हीच आहे : अंतरावरून, चालत्या गाडीतून, काचेच्या आडून.

दूरचित्रवाणीवर वस्तीने आपला पत्ता स्वतः सांगितल्याचे एक ठळक उदाहरण सोनी मराठीवरील 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' या कार्यक्रमात सापडते. २०१८ पासून चाललेल्या या कार्यक्रमातील गौरव मोरे हा अभिनेता 'फिल्टरपाड्याचा बच्चन' या बिरुदाने घरोघरी पोहोचला. फिल्टरपाडा ही घाटकोपरपासून फार दूर नसलेली पवईची वस्ती. मुंबईतीलही अनेकांना जिचे नाव ठाऊक नव्हते, ती वस्ती केवळ उच्चाराने महाराष्ट्रभर परिचित झाली. हे यश लहान मानू नये. मालिकेने वीस वर्षांत जे केले नाही ते विनोदी प्रहसनाने केले. परंतु पत्त्याला प्रवेश मिळाला तो हसण्याच्या अटीवर. त्या बिरुदातील गंमत 'फिल्टरपाडा' आणि 'बच्चन' या दोन शब्दांतील अंतरावर उभी आहे. अंतर मिटले तर गंमतही मिटेल. गंभीर कथेत, रात्री आठच्या मालिकेत, नायकाचे घर फिल्टरपाड्यात असते तर वाहिनीने ते मान्य केले असते काय, ही शंका उरते.

गंभीर कथेला दलित वस्तीत नेण्याचे काम स्टार प्रवाहवरील 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर - महामानवाची गौरवगाथा' (२०१९-२०) या मालिकेने केले. सागर देशमुख यांचे बाबासाहेब आणि शिवानी रांगोळे यांच्या रमाबाई यांनी प्रेक्षकांच्या मोठ्या वर्गाला प्रथमच आपला इतिहास मुख्य वेळेत पाहण्याची संधी दिली. बाबासाहेबांच्या आयुष्यात परळच्या बी.आय.टी. चाळीतील दोन खोल्या हा पत्ता होता आणि त्या खोल्यांतील अभ्यास, आजार, अपत्यांचे मृत्यू यांना वगळून ही कथा सांगताच येत नाही. म्हणून ही मालिका इतर मालिकांपेक्षा वेगळी ठरली. मात्र तिच्या आगेमागे प्रक्षेपित होणाऱ्या मालिकांशी तिचा संबंध तपासला की एक विसंगती जाणवते. जात हा विषय १९५६ पर्यंतच्या काळापुरता राखून ठेवला गेला. पुढच्या अर्ध्या तासात सुरू होणाऱ्या आजच्या कुटुंबाच्या कथेत लग्न ठरवताना, भाड्याने खोली देताना, स्वयंपाकाला बाई ठेवताना जात नावाची वस्तू नाहीच. जणू ती मालिकेबरोबरच संपली. सोनी मराठीवरील 'सावित्रीजोती' (२०२०) ही तर वर्षभरातच आटोपती घेण्यात आली. प्रेक्षकसंख्येच्या गणितात ती टिकली नाही.

बाबासाहेबांच्या घरातील त्या रमाबाईंच्या नावाची वस्ती घाटकोपरमध्ये आहे. ११ जुलै १९९७ रोजी सकाळी तेथील डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाने केलेल्या गोळीबारात दहा माणसे ठार झाली. चार दिवसांनी लोकशाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. मराठी मालिकेच्या विश्वात ही घटना घडलेलीच नाही. तिची कथा सांगितली ती आनंद पटवर्धन यांनी, 'जय भीम कॉम्रेड' (२०११) या माहितीपटात, चौदा वर्षे चित्रीकरण करून. घोगरे यांचा आवाज पटवर्धन यांच्या झोपडपट्टीवासीयांवरील 'हमारा शहर' (१९८५) या चित्रपटातही होता. तो चित्रपट दूरदर्शनवर येण्यासाठी न्यायालयात जावे लागले होते. 'जय भीम कॉम्रेड' प्रथम लोकांपुढे आला तो २०१२ साली, मुंबईच्या बी.आय.टी. चाळीतील रहिवाशांसमोर.

या माहितीपटाची कार्यपद्धती प्रस्तुत चर्चेच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. जमाव महामार्गावरील गॅसचे टँकर पेटवणार होता म्हणून गोळीबार करावा लागला, असा पोलिसांचा बचाव होता. न्या. गुंडेवार आयोगाने तो स्वीकारला नाही आणि २००९ साली सत्र न्यायालयाने उपनिरीक्षक मनोहर कदम यास जन्मठेपेची शिक्षा सुनावली; पुढे उच्च न्यायालयातून त्यास जामीन मिळाला. चित्रपट याच दाव्याची तपासणी करतो आणि प्रेक्षकाला जागा दाखवतो : टँकर कोठे होते, गोळ्या कोणत्या बाजूस झाडल्या गेल्या, मेलेला माणूस कोणत्या गल्लीत आणि कोणत्या दारात उभा होता. त्यांच्यातील अंतर हाच येथे पुरावा ठरतो. घरांची आई, बहीण, बायको कॅमेऱ्यासमोर बसतात ती आपापल्या खोलीत. मागे भांड्यांची मांडणी, भिंतीवर तसबीर, दारातून येणारा गल्लीचा आवाज. मालिकेच्या ध्वनिमुद्रकाने जो आवाज अडथळा म्हणून गाळला असता, तो येथे कथेचा भाग आहे.

कल्पित कथेलाही हे जमते, याचे प्रत्यंतर चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) या चित्रपटात येते. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावरील खटल्याची ही कथा. या भूमिकेत वीरा साथीदार होते, तर गीते संभाजी भगत यांची. खटला चालवणारी सरकारी वकील नूतन (गीतांजली कुलकर्णी) न्यायालय सुटल्यावर लोकलने घरी निघते, डब्यात सहप्रवासिनीशी तेलाबद्दल आणि पथ्याबद्दल बोलते, वाटेत मुलाला घेते, घरी येऊन स्वयंपाकाला लागते. आरोपीच्या शिक्षेची मागणी करणारी हीच बाई. तिच्या घरात खलनायिकेचे संगीत वाजत नाही, कॅमेरा तीन वेळा चेहऱ्यावर झेपावत नाही. तिला सासू आहे की नाही हे आठवत नाही, पण ती रोज कोणत्या घाईत असते हे आठवते. रविवारी कुटुंबासह ती नाटकाला जाते आणि परप्रांतीयांवरील विनोदांना इतरांबरोबर हसते. मराठी मध्यमवर्गीय घराचे इतके नेमके, इतके निर्दय आणि तरीही इतके समजूतदार चित्र एकाही दैनंदिन मालिकेत नाही. बचावपक्षाचा वकील विनय व्होरा हा सुखवस्तू गुजराती कुटुंबातला. त्याचे घर, त्याच्या आईवडिलांचे जेवणाच्या टेबलावरील प्रश्न हेही तितक्याच बारकाईने येतात. एका न्यायालयात मराठी वकील, गुजराती वकील आणि दलित शाहीर. हे घाटकोपर नव्हे, पण घाटकोपरची माणसे हीच. त्यासाठी ताम्हाणे यांना मोठा सेट लागला नाही. न्यायालयातून सुटलेल्या प्रत्येक माणसाच्या मागोमाग त्याच्या घरापर्यंत जावे लागले.